प्रोटीन मोजताय? आधी किलो की पाउंड ते बघा

प्रश्न : मॅडम, मी २४ वर्षांचा, पाच महिने झाले जिम चालू आहे. ट्रेनर म्हणाला वजनाच्या दुप्पट ग्रॅम प्रोटीन घे. माझ्या ॲपवर वजन १५४ दाखवतं म्हणून ३०८ चं टार्गेट ठेवलंय. रोज चार स्कूप पावडर घेतो, पोट गच्च होतं, जेवण जात नाही आणि दंड आहेत तिथेच आहेत. घरचे म्हणतात किडनी खराब करून घेशील. अजून वाढवू का?

उत्तर : अरे थांब, आधी ते ॲप किलोवर टाक! १५४ पाउंड म्हणजे ७० किलो. ट्रेनर किलोबद्दल बोलत असणार, म्हणजे १४० ग्रॅम, आणि तू निघालायस ३०८ कडे, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम धरले तर रोजची पन्नास अंडी झाली ही. पोट गच्च होणार नाही तर काय.

व्यायाम न करणाऱ्या धडधाकट माणसाला किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास पुरतं, तुझ्या वजनाला ५६. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं हे खरंय, पण कुठवर? २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून बघितले, १८०० च्या वर माणसं होती त्यात, तर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर स्नायू वाढण्यात सरासरी काही फरक पडेना. काहींना २.२ पर्यंत फायदा होत असेल ही शक्यता त्यांनी नाकारली नाही. म्हणजे तुला ११२ पुरेत, ट्रेनरचे १४० घेतलेस तरी बिघडत नाही.

मला एक हिशोब फार आवडतो. स्नायूत पाऊण हिस्सा पाणीच असतं, प्रोटीन जेमतेम पाचवा हिस्सा. समजा महिन्यात अख्खा एक किलो स्नायू चढला (नवख्यालासुद्धा हे भरपूर झालं हां), तर त्यात प्रोटीन साधारण २०० ग्रॅम, म्हणजे रोजचे सात ग्रॅमसुद्धा नाहीत! शरीरात प्रोटीन सारखं मोडत आणि बनत असतं, व्यायामाने ती उलाढाल वाढते, म्हणून खाण्यात बरंच जास्त लागतं, पण म्हणून ३०८? जास्तीचं प्रोटीन लिव्हरमध्ये मोडलं जातं, त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि बाकीचं ऊर्जा म्हणून जळतं.

किडनीचं म्हणशील तर ती धडधाकट असेल तर १.६ ने काही होत नाही. किडनीचा आजार आधीच असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही.

आता दंड. पावडरीवर चार ओळी लिहिल्यास आणि व्यायामावर एक, यातच मला उत्तर दिसतंय. पाच महिने तेच डंबेल तेवढ्याच वेळा उचलतोयस का? शिवाय पावडरीने पोट भरलं की जेवण राहतं, एकूण कॅलरीच कमी पडतात, मग स्नायू वाढणार कशाने? स्कूप चारावरून एकावर आण, एका स्कूपमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम मिळतात, उरलेलं जेवणातून घे, स्कूप धरून दिवसाचे ११२ चार वेळा वाटून प्रत्येकी २८ च्या आसपास. आणि व्यायाम संपल्या संपल्या शेकर घेऊन पळायची गरज नाही, स्नायू पुढचा अख्खा दिवस प्रोटीन वापरायला तयार असतो.

प्रश्न : माझं वय ६४, वजन ६० किलो. या वयात प्रोटीन कमी खावं ना?

उत्तर : नाही काका, उलट. वयानुसार स्नायू तेवढ्याच प्रोटीनला कमी दाद देतो, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, तुम्हाला ६० ते ७२. बरेच जण नाश्त्यात नुसतं चहा-बिस्किट घेतात आणि सगळं प्रोटीन रात्रीच्या जेवणावर ढकलतात, तसं नको, सकाळीच २०-२५ ग्रॅम जाऊ द्या पोटात. आणि नुसतं चालणं पुरणार नाही, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा, थोडा दम खाऊन परत दहा.