बाजारभाव आणणारी पायथन स्क्रिप्ट सारखी बंद पडते, काय करू?

भाऊ, जळगाव, चोपड्याचे कापसाचे भाव तुम्ही वेबपेजच्या टेबलातून उचलताय, म्हणून पेजची मांडणी बदलली की स्क्रिप्ट कोलमडते. ते टेबल माणसांसाठी असतं, प्रोग्रामसाठी नाही. डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर बाजार समित्यांच्या रोजच्या भावांचा एपीआय (प्रोग्रामला थेट डेटा देणारी सोय) आहे, तो वापरा. नोंदणी करून स्वतःची ‘एपीआय की’ (तुमची ओळख पटवणारा गुप्त कोड) घ्याच. साइटवरची नमुना ‘की’ एका वेळी १० नोंदीच देते आणि आपल्याला वाटतं, जळगावचा डेटाच नाही! राज्य-जिल्ह्याचा फिल्टर लावा, लिमिट (एका वेळी किती नोंदी) आणि ऑफसेटने (सुरुवातीच्या किती सोडायच्या) पुढच्या नोंदी आणा. जेसॉनमध्ये (प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या मांडणीत) किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव वेगवेगळे मिळतात, क्विंटलमागे रुपयांत. ‘की’ मात्र कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, सिस्टीमच्या सेटिंगमध्ये) ठेवा.