वाचकांचे प्रश्न : मधपेटीचं लाकूड

प्रश्न : आरामशीनवरच्या सागाच्या सहा पेट्या सुताराकडून करून घेतल्या, सातेरी या देशी मधमाश्यांसाठी. उन्हाळा लागताच सांधे उघडले आणि वरच्या कोठीतल्या (पेटीच्या वरच्या मजल्यातल्या) पोळ्याच्या चौकटी खालच्या चौकटींना टेकू लागल्या. साग हलका होता का? (एक वाचक, ता. वरोरा)

उत्तर : हलका नव्हे, ओला होता. फळी लांबीत जवळपास आटत नाही, रुंदीत आटते. आणि फळीची रुंदी हीच कोठीची उंची. १७० मिमीची कोठी वाळता वाळता ३-४ मिमी सहज बसते. वरच्या-खालच्या चौकटींत सातेरीला ७-८ मिमी वाट हवी. ती निम्मी झाली की माशी आत शिरत नाही आणि त्या फटीत मेणपतंगाची, म्हणजे पोळं खाणाऱ्या पतंगाची, अळी निवांत वाढते. आहे त्या पेट्या मोडू नका. खालच्या कोठीच्या चारही काठांवर आटली तेवढ्या जाडीची वाळकी पट्टी ठोका.

पुढच्या वेळी एक इंची फळ्या मध्ये काड्या घालून सावलीत तीन-चार महिने रचा. एका फळीवर खूण करून ती दर आठवड्याला तोला. वजन दोनदा तेच भरलं की रंधा लावा. गाभ्याचं लाकूड निवडा. सालीलगतचा पांढरट साग सागाच्या भावात मिळतो, पण त्याला किडा लागून भुसा पडतो.

प्रश्न : उधईसाठी पेटीला जळकं ऑइल मारू का?

उत्तर : नको, आणि उधईचं औषध तर मुळीच नको; त्याने माश्याच मरतील. जवसाचं तेल आपल्याकडे मिळतंच. एक लिटर तेलात ५० ग्रॅम मधमाश्यांचं मेण घाला, भांडं उकळत्या पाण्यात ठेवून विरघळवा. थेट आचेवर ठेवू नका. गरम असताना फक्त बाहेरून दोन हात द्या, फळ्यांच्या कापलेल्या टोकांना तीन. पाणी तिथूनच पितं लाकूड. आतून काही लावू नका. वास पूर्ण गेल्यावरच वसाहत भरा. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेतात, त्या पसरून वाळवा.

उधई मातीतून चढते. पेटीखालची घोडी (स्टँड) दीड फूट उंच करा, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मे महिन्यात त्या रोज भराव्या लागतात, नाहीतर मुंग्याही चढतात.

प्रश्न : आंब्याची फळी चालेल?

उत्तर : कोठ्यांना चालेल. तळपाट मात्र सागाचाच घ्या.