कॅमकॉर्डर : कोणत्या फॉरमॅटमध्ये चित्रण करावे?

प्रश्न : आमच्या नव्या कॅमकॉर्डरमध्ये एव्हीसीएचडी, एक्सएव्हीसी एस आणि एमपी४ असे तीन फॉरमॅट असून ५०आय आणि ५०पी हे पर्यायही आहेत. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), घरची कार्ये आणि महेश्वर-मांडूची सहल, या सर्वांसाठी एकच फॉरमॅट ठेवायचा झाल्यास कोणता ठेवावा?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : एक्सएव्हीसी एसमधील १०८०/५०पी (१०८० ओळींचे चित्र, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम), ५० मेगाबिट प्रतिसेकंद (दर सेकंदाला नोंदली जाणारी माहिती), हा पर्याय ठेवावा. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये आणलेला एव्हीसीएचडी टाकाऊ मुळीच नाही. मात्र त्याची मर्यादा २८ मेगाबिटची आहे आणि आपल्याला चित्रित करायची आहेत त्या दृश्यांसाठी नेमकी तीच अपुरी पडते. हे फॉरमॅट एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेमपर्यंत जे बदलले तेवढेच प्रामुख्याने नोंदवून जागा वाचवतात. राजवाड्यासमोर गुलाल उधळला जात असताना, किंवा महेश्वरच्या घाटावर नर्मदेचे पाणी उन्हात चमकत असताना, जवळजवळ सगळे चित्रच क्षणोक्षणी बदलते, आणि मेगाबिट कमी पडले की त्याचे चौकोनी ठिपके होतात.

५०आय टाळावे. त्यात सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपल्या जात असल्याने हलत्या माणसांच्या कडा संगणकावर दातेरी दिसू शकतात. ६०पी मिळत असले तरी आपल्याकडे ५०पीच योग्य, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि मांडवातील ट्यूबलाइट ६०पीमध्ये लुकलुकताना दिसण्याचा संभव असतो.

या पर्यायात तासाला सुमारे २२.५ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर अडीच तासांहून थोडे अधिक चित्रण मावते. कार्ड एसडीएक्ससी (जास्त क्षमतेचे एसडी कार्ड) प्रकारचे घ्यावे. फोरके (१०८०च्या चौपट बारकाव्याचे चित्रण) असल्यास ते मांडूच्या जहाज महालासारख्या स्थिर दृश्यांपुरते वापरावे. त्यात १०० मेगाबिट ठेवल्यास जागा दुप्पट लागते.

जुने चित्रण एव्हीसीएचडीमध्ये असेल, तर कार्डावरील ‘प्रायव्हेट’ हे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे. लांबलचक चित्रण अनेक एमटीएस फाइलींमध्ये (एव्हीसीएचडीच्या चित्रफितींमध्ये) विभागले जाते आणि त्यांना जोडणारी माहिती त्याच फोल्डरमध्ये अन्यत्र असते; नुसत्या फाइली उचलल्यास सांध्यावर आवाज तुटू शकतो. नातेवाइकांना मोबाइलवर पाठवण्यासाठी मात्र लहान एमपी४ पुरेसा आहे, आणि एक्सएव्हीसी एस व एमपी४ हे दोन्ही फॉरमॅट एकाच वेळी नोंदवण्याची सोय आपल्या कॅमकॉर्डरमध्ये असल्यास ती अवश्य सुरू ठेवावी.