अंडी, दूध, दही काहीही न वापरता हरभऱ्याचा तिखट नाश्ता कसा करावा?

आपल्याकडचं टोमॅटो ऑम्लेट करा. नावात ऑम्लेट असलं तरी त्यात अंडं नसतंच, सगळं काम बेसन करतं.

दोघांसाठी १ वाटी बेसन, २ चमचे तांदळाचं पीठ, १ कांदा आणि १ पिकलेला टोमॅटो अगदी बारीक चिरून, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ आणि हातावर चोळलेला ओवा. ओवा वगळू नका, सकाळी रिकाम्या पोटी बेसन जड जातं. पाणी बेताने, पाऊण वाटीच्या आसपास. टोमॅटो आणि कांद्याला मिठामुळे पाणी सुटतं, म्हणून पीठ १० मिनिटं झाकून ठेवा आणि मगच लागलं तर आणखी पाणी घाला. डोशाच्या पिठापेक्षा किंचित घट्ट हवं.

बहुतेकांचं चुकतं ते भाजताना. आच मोठी ठेवली की वरून खरपूस दिसतं, पण आत कच्च्या बेसनाची चव राहते. तवा आधी नीट तापवा, मग आच मध्यम करा, कडेने तेल सोडा आणि झाकण ठेवून २-३ मिनिटं वाफ येऊ द्या. कडा सुटल्या की उलटा.

सोबत शेंगदाण्याची चटणी फार छान लागते, फक्त ती दह्यात न कालवता कच्च्या तेलात कालवा.

बेसन नको असेल तर काबुली चणे रात्रभर भिजवा, आलं-मिरची घालून वाटा आणि त्याची धिरडी घाला. ती जरा जाडसर होतात, पण पोटभरीची.