पिकोचा एडीसी ऊनोपेक्षा पन्नासपट वेगवान, मग मोटरचा करंट मोजायला बोर्ड बदलू का?

तासगावच्या विहिरीवरच्या मोटरचा करंट तुम्ही ऊनोनं मोजताय, आणि मित्र पिको घ्यायला सांगतोय, म्हणून तुम्ही हे विचारलंत. ऊनो आणि पिको हे छोटे कंट्रोलर बोर्ड; एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा (रीडिंग) करून देणारा त्यांच्यातला भाग.

या कामासाठी तरी बोर्ड बदलू नका.

पिको वेगवान असं तुमचा मित्र म्हणतो ते खोटं नाही. ऊनोवरची चिप, ॲटमेगा ३२८पी, चालते १६ मेगाहर्ट्झवर, पण तिच्या एडीसीला त्याचा १२८वा हिस्सा, म्हणजे १२५ किलोहर्ट्झच क्लॉक मिळतो. एका रीडिंगला १३ क्लॉक, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद. फंक्शनचा खर्च धरून ११२ च्या आसपास. पिकोचा एडीसी तेच काम २ मायक्रोसेकंदांत उरकतो. पण आपली लाइन ५० हर्ट्झची. एक सायकल २० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्यात ऊनो पावणेदोनशे रीडिंग घेतो. तीन फेजना तीन सीटी (वायरमधला करंट मोजायचे करंट ट्रान्सफॉर्मर) लावल्या तरी प्रत्येकीच्या वाट्याला साठेक येतात. आरएमएस, म्हणजे बदलत्या करंटचं परिणामी मूल्य, काढायला भरपूर झालं. तासगावच्या विहिरीवर मोटर पाण्याविना (ड्राय) चालली किंवा एक फेज गेला, तर स्टार्टर पाडायचा निर्णय सेकंदाच्या हिशेबात होतो. मी कुपवाड एमआयडीसीत पॅनेलच्या कामात आहे, तिथेही अशा दोषांसाठी मोटर पाडायला यापेक्षा घाई कुणी करत नाही.

मग तुमच्या ग्राफमध्ये साइन वेव्हऐवजी दातेरी रेघ का दिसते? तुम्ही दिलेल्या कोडमध्ये प्रत्येक रीडिंगनंतर सिरियल प्रिंट (आकडा कॉम्प्युटरला पाठवणं) आहे, तेही ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं. या वेगाला एक अक्षर जायला एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त लागतं. ‘५१२’ आणि ओळ संपल्याची दोन अक्षरं मिळून पाच झाली. बफर (पाठवायची अक्षरं साठवायची जागा) भरला की बोर्ड ती अक्षरं बाहेर पडेपर्यंत ताटकळत बसतो. म्हणजे सायकलमागे जेमतेम चार रीडिंग, आणि एडीसी कितीही वेगवान असला तरी ९६०० च्या लाइनवरून चारच जाणार. आधी रीडिंग ॲरेमध्ये (मेमरीतल्या यादीत) भरा, प्रिंट नंतर करा. बॉड १,१५,२०० ठेवायला काहीच हरकत नाही.

‘दहा लाख गुणाकार शून्य मायक्रोसेकंदांत झाले’ ही तुमची चाचणी पाहून हसू आलं, राग मानू नका. उत्तर पुढे कुठेच वापरलं जात नाही हे पाहून कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरनं अख्खा लूपच काढून टाकलाय. व्हेरिएबल व्होलाटाइल करा (म्हणजे कंपायलर ते गाळणार नाही) किंवा शेवटी उत्तर प्रिंट करा, खरा आकडा दिसेल. आणि ऊनोवर वेळ सांगणारं मायक्रोस हे फंक्शन ४-४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यानं पुढे सरकतं, त्यामुळे एकच रीडिंग मोजू नका. हजार घ्या आणि भागा.

मित्राचा आरएमएसचा कोड पिकोवर बरोबर आणि ऊनोवर उणे आकडे देतो, ते मात्र वेगाचं प्रकरण नाही. ऊनोवर इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटांचा असतो, ३२७६७ पर्यंतच पोचतो. ० ते १०२३ च्या मधल्या ५१२ पासून रीडिंग १८१ च्या पुढे सरकलं की त्याचा वर्ग इंटमध्ये मावत नाही. पिकोवर इंट ३२ बिटांचा, म्हणून तिथे निभावलं. वर्ग करण्याआधी लाँगमध्ये (३२ बिटांच्या पूर्णांकात) बदलून घ्या. बेरीजही लाँगमध्येच करा, फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) नको: ऊनोत फ्लोटसाठी हार्डवेअर नाही, एकेका गुणाकाराला कित्येक मायक्रोसेकंद जातात. वर्गमूळ सायकलमागे एकदाच काढायचंय, ते फ्लोटमध्ये चालेल. तसं पाहिलं तर पिकोच्या आरपी२०४० चिपमध्येही फ्लोटचं हार्डवेअर नाहीच, फक्त १३३ मेगाहर्ट्झ आणि रॉममधली तयार रूटीन्स यांच्या जोरावर तो पुढे जातो.

मोबाइलवर मेसेज हवा असेल तर वाय-फाय असलेला ईएसपी३२ बोर्ड घ्या, पण वाय-फाय चालू असताना त्याच्या दोन एडीसींपैकी एडीसी२ च्या पिन रीडिंगला वापरता येत नाहीत, सीटी एडीसी१ वरच जोडा. आकडेही वरच्या-खालच्या टोकाला वाकडे येतात. करंटच्या अचूकतेत मला तरी ऊनो जास्त भरवशाचा वाटतो.

उद्या बेअरिंगचं व्हायब्रेशन काही किलोहर्ट्झपर्यंत पाहायचं ठरवलंत, तर मात्र ऊनो पुरणार नाही. तेव्हा पिको किंवा एसटीएम३२ चिपचा बोर्ड घ्या. फक्त सीटीचं आत्ताचं सर्किट उचलून पिकोला लावू नका. तुमचा मधला बिंदू अडीच व्होल्टचा आहे आणि लाट त्याच्या वरखाली जाते. पिकोची पिन ३.३ च्या वर सोसत नाही. रेझिस्टरची जोडी ३.३ व्होल्टवर घेऊन मध्य १.६५ ला आणा, आणि मोटर सुरू होतानाचा करंट धरून बर्डन रेझिस्टर (सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा) कमी करा.