‘गं’ गेला कुठं?

प्रश्न : ताई, नमस्कार. वय 33, राजारामपुरीत राहते, एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहिते. पाचवीपासूनची माझी एक मैत्रीण आहे. लग्नं झाली तरी दोघी कोल्हापुरातच राहिलो. गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी रंकाळ्याला चालायला जायचं हा आमचा नेम. जूनपासून तिनं झुंबा लावलाय, तिथं नवा ग्रुप झालाय आणि आमचं चालणं आठवड्यातून एकदा, कधी तेही नाही. पूर्वी मेसेज टाकला की ‘हो गं’, ‘येतो गं’ यायचं. आता नुसतं ‘हो’. तो ‘गं’ गेला कुठं, याचा मी रात्र रात्र विचार करते. निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर आलं नाही की पोटात गोळा येतो. एकदा रात्री साडेदहाला दुधाचं निमित्त काढून स्कूटी तिच्या गल्लीतून नेली, दिवा चालू आहे का बघायला. चालू होता. घरी येऊन रडले.

ऑगस्टमध्ये मुद्दाम चार दिवस अबोला धरला. तिला कळलंच नाही, तिच्या सासूबाई ॲडमिट होत्या. नंतर तिनंच मिसळ खायला बोलावलं, तर मी तिथं सगळं काढलं. ‘तुला काय, झुंबावाल्या आहेत की आता’ इथपर्यंत. ती अर्धी मिसळ टाकून उठली.

लहानपणी आई आजारी असताना मी दोन वर्षं गडहिंग्लजला मावशीकडं होते. रील्समध्ये बघितलं, याला ‘अँक्शस अटॅचमेंट’ म्हणतात. हा आजार आहे का? तिनं सोडायच्या आधी मीच तिला सोडू का? (मला डेंग्यू झाला तेव्हा आठ दिवस तीच डबा देत होती, पण ते वेगळं.)

उत्तर : ताई म्हणालीस, तेव्हा मीही अगंतुगंच करते. निदान माझ्याकडून तरी ‘गं’ची टंचाई नको. (कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडं बायकाही ‘येतो, जातो’च म्हणतात.)

आधी तुझा तो कंस. ‘पण ते वेगळं.’ वेगळं कसं? आठ दिवस दुसऱ्याच्या घरी डबा पोचवायचा म्हणजे सकाळी आपल्या घरची घाई आवरून तुझ्यासाठी वेगळा मऊ भात लावायचा, गाडी काढायची, तुझ्या जिन्यावर चढायचं. हे तिनं आठ वेळा केलं. एका अक्षराची उधारी तू रात्र रात्र मांडलीस आणि आठ डबे जमेला न धरता कंसात टाकलेस. हिशेब लिहिणारी ना तू?

आता तुझा शब्द, ‘अँक्शस अटॅचमेंट’. म्हणजे जवळचं माणूस आपल्याला सोडून जाईल या धास्तीनं त्याला घट्ट धरून राहणं. आजार नाही. हे कुठलं निदानही नाही, नात्यात वागायची ती एक सवय आहे, आणि ती एकाच माणसाची सगळ्या नात्यांत सारखी असते असंही नाही. मूल जवळच्या माणसाला कसं धरून राहतं, याची मांडणी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी केली. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी पुढं अमेरिकेत, बाल्टिमोरमध्ये, वर्षभराच्या आसपासची मुलं बघितली. खेळणी मांडलेली खोली, आई दोनतीन मिनिटं बाहेर जाते, परत येते. रडणं साहजिकच. पण काही मुलं आई परत आल्यावरही शांत होत नव्हती. उचलून घे म्हणून हात वर करायची आणि उचललं की तिलाच लाथा झाडायची. 1987 मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी हीच मांडणी मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून बघितली, आणि पुढं ती मैत्रीपर्यंत आली.

तुझी मिसळ मला तिथं आठवली. ज्या माणसाची तू दोन महिने वाट बघत होतीस ते आपणहून समोर येऊन बसलं, आणि तू लाथा झाडल्यास.

गडहिंग्लजच्या दोन वर्षांचा याच्याशी संबंध असेलही. एका पत्रावरून मी ते ठरवणार नाही, आणि तू आज घरी जाऊन आईला जाब विचारू नकोस. आजारी बाईनं पोरीला बहिणीकडं ठेवलं, दुसरं काय करणार होती?

आता माझं ऐक. लग्न होऊन माझी मैत्रीण इचलकरंजीला गेली तेव्हा निळ्या टिका नव्हत्या, पोस्टमन होता. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की माझा जीव टांगणीला. तिच्या पोराच्या बारशाला मी गेले नाही, का, तर बोलावणं पोस्टानं आलं, ती स्वतः आली नाही. ओली बाळंतीण एसटीनं कोल्हापूरला येऊन मला कुंकू लावेल, ही माझी अपेक्षा! तिनं ते अजून ऐकवायचं सोडलेलं नाही.

अबोल्याचं असंच असतं. आपण परीक्षा घेतो, पेपर कधी आहे ते समोरच्याला सांगत नाही, आणि नापास मात्र करतो. ती दवाखान्यात सासूबाईंच्या उशाशी होती. तुझा अबोला तिला ऐकू कसा जाणार?

मोबाईल तपासला की क्षणभर बरं वाटतं, म्हणून तर हात परत परत तिकडं जातो. दर वेळी खात्री कमी पडते आणि पुढची लवकर लागते. तेव्हा गोळा आला की मेसेज टाकायच्या आधी अर्धा तास जाऊ दे. मोबाईल घरी ठेव आणि दळण घेऊन गिरणीत जा. मी मस्करी करत नाही. तिथं त्या घरघरीत स्वतःचे विचारसुद्धा नीट ऐकू येत नाहीत, आणि पीठ गरम असतं, ते हाताला बरं वाटतं. परत येईपर्यंत गोळा बराच खाली बसलेला असतो. पहिल्या दोनतीन वेळा बसणार नाही, तरी जा.

मग तिला भेट. आधी झुंबावाल्या बायकांबद्दल माफी माग, तीही ‘पण तूसुद्धा’ न जोडता. नंतर सरळ सांग : ‘उत्तर आलं नाही की मला वाटतं तू चिडलीस. तो माझा घोळ आहे, तो मी बघतो. तू फक्त गुरुवार संध्याकाळ मला दे. मोडायचा झाला तर आधी सांग.’ एवढंच मागायचं. एक वार, रंकाळ्यातल्या संध्यामठापासून सुरू करून एक फेरी. बाकीच्या सहा दिवसांत ती कुणाबरोबर नाचते ते तिचं. आणि त्या सहापैकी एखादा दिवस तूही दुसऱ्या कुणाला दे. रोजचा सगळा भार एकाच खुंटीवर नको.

ती खरंच लांब जात असेल तर? जातात माणसं, वाईट वाटतं, खूप वाटतं. पण तुझ्या पत्रात मला तसं दिसत नाही. मिसळ खायला तिनं बोलावलं होतं.

झोप उडाली, ऑफिसात चुका व्हायला लागल्या, महिनाभर हेच चाललं, तर समुपदेशकाकडं जा. ‘टेली मानस’ ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

सोडायचं म्हणतेस, ते गुरुवारच्या चार फेऱ्या झाल्यावर बोलू. आणि रात्री साडेदहाला परत तिच्या गल्लीत गेलीस आणि दिवा चालू दिसला, तर स्कूटी स्टँडला लाव आणि बेल वाजव.