अंजनेरी-ब्रह्मगिरीकडच्या डोंगरांवरच्या पाणथळ जागांची यादी उपग्रहाच्या चित्रांवरून घरबसल्या करता येईल का?

येईल, पण अर्धीच.

आधी किती लहान जागा धरायची ते ठरवा. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने २०११ साली देशातल्या पाणथळ जागांचे नकाशे काढले, त्यात २.२५ हेक्टरहून लहान जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. १:५०,००० च्या नकाशावर तेवढी जागा जेमतेम ३ बाय ३ मिलिमीटर भरते, त्यांचाही इलाज नव्हता. आपल्या कातळावरची डबकी मात्र त्याहून कितीतरी लहान. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि त्यांचा एक पिक्सेल (चित्रातला सर्वांत लहान चौकोन) १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. नऊ-दहा गुंठ्यांखालचं काहीही मी नुसत्या चित्रावरून यादीत घेत नाही. किल्ल्यांवरची खोदीव टाकी तर विसराच.

पावसाळ्यात ढगांपलीकडे काही दिसत नाही. ऑक्टोबरअखेरचं चित्र घ्या, मग फेब्रुवारी आणि मे महिन्यांतली. एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी ओळखायचा निर्देशांक, काढणं सोपं आहे; पाणी निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) शोषून घेतं म्हणून त्यात उठून दिसतं.

खरा घोळ सावलीचा. उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. डिसेंबरात तेव्हा कड्याची सावली वायव्येला लांबवर पडलेली असते आणि निर्देशांक तिला खुशाल तळं ठरवतो. पाणी सपाटीवरच साचतं, म्हणून एसआरटीएम या जमिनीच्या उंचीच्या फुकट नकाशावरून उताराची जमीन गाळतात. पण पायथ्याच्या सपाटीवर पडलेली सावली त्यातूनही निसटते. 'मेच्या चित्रात ती नाही, म्हणजे सावलीच होती' असंही म्हणता येत नाही, कारण मे महिन्यात तळंही आटलेलं असतं! त्यापेक्षा चित्रासोबत येणाऱ्या माहितीतून (मेटाडेटा) सूर्याची दिशा आणि उंची घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ग्रासचं आर.सनमास्क हे सावली कुठे पडते ते काढणारं साधन चालवा. साधं हिलशेड (उतारांचा उजेड-अंधार दाखवणारं चित्र) वापरू नका, ते एका डोंगराची दुसरीकडे पडणारी सावली दाखवत नाही.

निर्देशांक कितीच्या पुढे गेला की पाणी धरायचं, तो उंबरठा ठरवायला अंजनेरीवरचं पावलाच्या आकाराचं तळं घ्या, ते गुगल अर्थवरही दिसतं. त्याचा काठ नीट उमटेपर्यंत आकडा हलवत राहा.

उरलेली अर्धी यादी वाडीवर होते. जागेचं नाव काय, पाणी होळीपर्यंत टिकतं की दिवाळीतच आटतं, गुरं कुठे उतरतात, हे गुराख्यांना विचारून प्रत्येक नोंदीपुढे लिहा. आणि जाताना ऑक्टोबरच्या चित्राची छापील प्रत न्या, वर रेंज नसते.